कसबी कोण, धोकादायक कोण?
टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती ठरवून खेळतात, पण मान खरीच असते. ३ ऑगस्ट १९९७ ला ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला उलटं धरून बसकण मारली. ऑस्टिनचं डोकं त्याच्या मांड्यांखाली आलं होतं. भार मानेवर आला, काही वेळ हातपाय हलेनात. तरी ओवेन आजही 'कसबी'. डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्गच्या लाथेने ब्रेट हार्टच्या मेंदूला मार बसला, आणि गोल्डबर्ग कायमचा 'धोकादायक'. ओवेनचा चाहता म्हणून मीही हाच न्याय लावत आलो. मज्जारज्जूला मात्र मारणाऱ्याचं नाव कळत नाही!

मला जास्त खटकतं ते वेगळंच: ब्रेट त्यानंतरही काही आठवडे खेळत राहिला. तुमच्या मुलाला डोक्याला मार लागून गरगरलं, तर त्या दिवशी त्याला परत मैदानात सोडू नका. आधी तपासून घ्या.