उपरी पाने आणि मिरासदार पाने

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका लहानशा यंत्रासाठी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लिहीत असताना, यंत्र नुकतेच सुरू केले की कॅमेरा बिनतक्रार चाले आणि तेच यंत्र दिवसभर वापरात राहिले की, शंभराहून अधिक मेगाबाइट मेमरी मोकळी दिसत असतानाही, अवघ्या चार मेगाबाइटांची मागणी लिनक्सच्या कर्नेलकडून नामंजूर होई, या कोड्याने मला कित्येक रात्री जागवले.

उत्तर 'सलग' या एका शब्दात होते. कर्नेल मेमरीची वाटणी ४०९६ बाइटांच्या पानांनी करते. प्रोग्रॅमची पाने कोठेही विखुरलेली असली तरी पानांच्या नोंदवहीच्या आधारे प्रोसेसर ती त्याला सलग भासवतो. ही सोय ज्याच्या वाट्याला आलेली नाही, अशा साध्या कॅमेऱ्याला मात्र आरंभीचा पत्ता आणि लांबी एवढेच कळते. १९२० बाय १०८० बिंदूंच्या एका चित्राला, बिंदूमागे बारा बिट धरले तर, ७६० सलग पाने लागतात. आणि वाटणीची 'बडी' पद्धत दोनाच्या घाताइतक्याच पानांचे तुकडे देत असल्यामुळे प्रत्यक्षात १०२४ पाने गुंतून पडतात. बिंदूमागे बत्तीस बिट धरले तर पाने २०२५ होतात, आणि तेवढा तुकडा, त्या काळच्या नेहमीच्या रचनेत कमाल मर्यादाच १०२४ पानांची असल्यामुळे, सारी मेमरी रिकामी असतानाही मिळत नसे.

दिवसभराच्या वापराने मोकळी मेमरी तुकड्यातुकड्यांत विखुरते आणि सलग पट्टा उरत नाही. १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला, तो शेतजमिनीच्या अशाच विखुरलेपणापायी. जुन्या गावगाड्यात मिरासदाराला जागचे हलवता येत नसे, उपऱ्याला येत असे. मेमरीतही कर्नेलची स्वतःची बहुतेक पाने मिरासदार आणि प्रोग्रॅमांची पाने बहुधा उपरी असतात, आणि मोकळ्या शिवाराच्या मधोमध एकच मिरासदार पान बसले की दोन्ही बाजूंची जागा जोडता येत नाही.

यावर जुना तोडगा असा, की यंत्र सुरू होतानाच काही मेमरी कर्नेलच्या हिशेबातून वगळून उपकरणाच्या नावे राखून ठेवावी. मीही तोच पत्करला. परंतु दिवसातून पाच मिनिटे चालणाऱ्या कॅमेऱ्यासाठी एवढी जागा अहोरात्र पडीक ठेवणे ही उधळपट्टीच होती, असे माझे आजही मत आहे.

सॅमसंगच्या पोलंडमधील केंद्रात काम करणाऱ्या मिहाऊ नाझारेविच आणि मारेक शिप्रोव्स्की यांनी रचलेली आणि २०१२ साली लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत दाखल झालेली सीएमए ही व्यवस्था मला थोर वाटते ती याचसाठी. तीही जागा राखतेच, पण ती पडीक न ठेवता केवळ उपऱ्या पानांना वहिवाटीस देते. आणि उपकरणाची मागणी आली की त्या पानांतील मजकूर अन्यत्र उतरवून, नोंदवहीतले पत्ते बदलून, मूळ प्रोग्रॅमला त्याचा सुगावाही लागू न देता सलग पट्टा मोकळा करते. पानांची अशी प्रतवारी करण्याचा आणि ती हलवून मेमरी सांधण्याचा पाया मेल गॉर्मन यांनी आधीच घातला होता.

या व्यवस्थेचे मर्मस्थान एकच आहे. एखादा ड्रायव्हर आपल्या कामासाठी प्रोग्रॅमचे पान जागच्या जागी खिळवून ठेवतो, आणि ते पान राखीव पट्ट्यात असले तर उपऱ्याचा मिरासदार होऊन बसतो; मग त्या एका पानापायी सबंध पट्टा अडतो आणि कॅमेरा पुन्हा उघडेनासा होतो. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, की पान दीर्घकाळ खिळवावयाचे असेल तर तसे कर्नेलला आरंभीच स्पष्ट कळवावे. कर्नेल ते आधी राखीव पट्ट्याबाहेर हलवते आणि मगच खिळवते.