टायमिंग चेन बदलावी की गाडीच बदलावी?



आपल्यातले बरेच जण रोज दुचाकीवरून शाळा गाठतात. त्यामुळे आजचा विषय पुस्तकाबाहेरचा असला तरी आपल्या खिशाचा आहे. गाडी जुनी झाली, इंजिनातून खरखर येऊ लागली आणि गॅरेजवाला म्हणाला, "सर, टायमिंग चेन गेली," तर काय करायचं?

आधी ही चेन कोणती ते पाहू. मागचं चाक फिरवणारी, आपल्याला बाहेरून दिसते ती चेन वेगळी. टायमिंग चेन इंजिनाच्या आत, ऑईलमध्ये फिरते. ती खालच्या क्रँकशाफ्टला वरच्या कॅमशाफ्टशी जोडते. पिस्टन वर-खाली होत असताना वॉल्व्ह नेमक्या वेळी उघडायचे आणि बंद व्हायचे, हे तिच्यामुळे जमतं. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून वरच्या चक्राला खालच्या चक्राच्या दुप्पट दात असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर सेकंदाला झाले ५०. म्हणजे एका सेकंदात प्रत्येक वॉल्व्ह २५ वेळा उघडतो!

चेन 'लांबते' असं आपण म्हणतो. खरं तर लोखंड ताणलं जात नाही, कड्यांचे सांधे झिजतात. समजा एक सांधा फक्त ०.०२ मिलिमीटर झिजला आणि असे ८० सांधे आहेत. एकूण लांबी वाढली १.६ मिलिमीटर. ही ढिलाई टेन्शनर नावाचा भाग काही काळ सांभाळून घेतो. त्याच्याही आवाक्याबाहेर गेली की चेन आत आपटू लागते. पुढे ती दात सोडू शकते किंवा तुटू शकते. मग वॉल्व्हची वेळ चुकते, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टन वॉल्व्हवर आदळून वॉल्व्ह वाकतात.

आता माझी गोष्ट. माझी शंभर सीसीची गाडी १३ वर्षांची, ८० हजार किलोमीटरच्या वर पळालेली. शाळा २४ किलोमीटरवर, मध्ये घाट. लेक माझ्याच शाळेत तिसरीत, ती मागे बसते. सकाळी गाडी चालू केली की खरखर यायची. एकजण म्हणाला, "चालतंय तोवर चालवा." दुसऱ्याने पूर्ण इंजिनाचं काम सांगितलं. शाळेतले एक सर म्हणाले, "काढून टाका, नवीन घ्या." घरी सौ. एवढंच म्हणाली, "घाटात बंद पडली तर पोरीला घेऊन कुठं थांबणार तुम्ही?"

मी आधी आवाजाचं निदान करून घेतलं. ऑईल कमी असलं तरी आवाज येतो, म्हणून पहिल्यांदा ऑईल तपासलं. ते बरोबर होतं. एकसारखी टिकटिक टॅपेटची असू शकते, म्हणून टॅपेट सेट करून घेतले. टिकटिक गेली, खरखर राहिली. मग टेन्शनर पाहिला. त्याचा आधार संपत आला होता. सायलेन्सरमधून निळसर धूर नव्हता, ऑईल कमी होत नव्हतं. म्हणजे पूर्ण इंजिन खोलण्याचं कारण दिसत नव्हतं.

मग वही काढली. चेन, टेन्शनर, रोलर, गॅस्केट आणि मजुरी धरून खर्च २४०० रुपये. जुनी गाडी विकली तर १५ हजारांच्या आसपास. नव्या गाडीचा हप्ता महिन्याला ३ हजार, तोही तीन वर्षं. बरेच जण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहतात. मला वाटतं, तो पुढे गाडी किती वापरायची याच्याशी ताडावा. १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा तपासणी आणि पर्यावरण कर आहेच. म्हणजे नवा विचार दोन वर्षांनी करायचाच आहे. तोवरचे २४ महिने धरले तर दुरुस्ती पडते महिन्याला १०० रुपये.

मी चेन बदलली. सोबत टेन्शनर आणि रोलरही बदलले, कारण मजुरी इंजिन उघडण्याचीच असते. ती दोनदा कशाला द्यायची? पण धूर येत असता, ऑईल कमी होत असतं, तर हाच हिशेब उलटा गेला असता. मग मी गाडीच बदलली असती.

काढलेली चेन मी मागून घेतली, धुतली आणि वर्गात नेली. पाचवीच्या मुलांनी कड्या मोजल्या, दशांश अपूर्णांकांचा गुणाकार केला. मग मैदानावर सायकलच्या पुढच्या-मागच्या चक्रांचे दात मोजून पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती फिरतं ते काढलं. एरवी गणिताला मागे सरकणारा एक मुलगा त्या दिवशी सगळ्यांत पुढे होता. त्याच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर गॅरेजमध्ये तीन गोष्टी नक्की विचारा: आवाज चेनचाच आहे हे कशावरून? सोबत आणखी काय बदलणार? आणि काढलेला भाग मला दाखवाल ना? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट गाडीजवळ बोलावून, बोट ठेवून दाखवतो.