हरणीच्या अंगावरचे डाग

लातूर-नांदेडकडच्या माणसाला कारवानी कुत्रे कसे असते ते सांगावे लागत नाही. लांब निमुळते तोंड, आत गेलेले पोट, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. पुण्या-मुंबईचा पाहुणा घरी आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "याला खायला घालत नाही का तुम्ही?" घालतो हो! ही जातच पळणारी आहे, हिच्या अंगावर चरबी धरत नाही. परदेशातले ग्रेहाउंड कुत्रे याच बांध्याचे असते. कर्नाटकात या कुत्र्याला मुधोळ म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने मुधोळचे तिकीटही काढले. आमच्या भागात चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव कारवानीसाठी नावाजलेले आहे. आमची हरणी त्याच बाजूची. पाहुण्यांनी पिल्लू म्हणून पिशवीत घालून दिली आणि एस.टी.ने नांदेडला आणली.

या कुत्र्याचे सगळे सुख-दुःख त्याच्या कातडीत असते, हे आम्हाला हरणीने शिकवले. गल्लीतल्या गावठी कुत्र्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून पाहा, जाड गोधडीसारखी लागेल. कारवानीची धरा, धुऊन विरलेल्या लुगड्यासारखी लागते. केस आखूड आणि खाली चरबीचा थर नाही. बाभळीचा काटा लागला तर दुसऱ्या कुत्र्याला ओरखडा पडतो, हिची कातडी उसवते. त्यामुळे हिच्या अंगावर काही उठले की ते झाकून राहत नाही, दारातून जाणाऱ्यालाही दिसते. आणि दिसले की लोक बोलतात.

हरणी दोन वर्षांची असताना तिच्या कानाच्या कडांना कोंडा धरला. मग कोपरावरचे केस गेले. रात्रभर खाजवायची, पत्र्याच्या दाराला पाय लागून धडधड आवाज व्हायचा आणि सगळे घर जागे. शेजारच्या मावशी बोलून मोकळ्या झाल्या, "लूत लागली हो तिला. लेकरंबाळं हायेत घरात. पुलापल्याड सोडून या की." त्यांचेही चूक नव्हते. त्यांच्या घरी लहान नातू होता. त्याच आठवड्यात आमच्या थोरल्या मुलीच्या मनगटावर आणि पोटावर बारीक लाल पुरळ उठले. आता घरातही दोन पक्ष पडले. आजी म्हणाली, कुत्रीपेक्षा लेकरू मोठे. मुलगी म्हणाली, हरणीला सोडले तर मी जेवणार नाही. आम्ही दोघे मोंढ्यातल्या हमालीवर आणि चार घरच्या कामावर जगणारी माणसे, आमच्याकडे दोघींना द्यायला उत्तर नव्हते.

"लूत लागलेलं कुत्रं" ही आपल्या भाषेतली जुनी शिवी. आमच्या आज्याच्या पिढीने ती स्वतःच्या वाट्यालाही ऐकलेली आहे. अंगाला हात न लावता, जवळ न जाता, लांबूनच ठरवून टाकायचे की याला रोग आहे, याला बाहेर काढा. आम्ही ठरवले की निदान आपल्या घरात तरी असा निकाल होणार नाही. आधी हात लावून पाहू, मग ठरवू.

सल्ले मात्र दारात चालत आले. एकाने सांगितले, गॅरेजमधले जळके ऑइल चोपडा, दोन दिवसांत लूत जाते. दुसऱ्याने रॉकेल सांगितले. तिसऱ्याने गॅमेक्सिनची पावडर सांगितली, जणू ती अजून दुकानात मिळते! त्या जातीच्या बी.एच.सी. पावडरीवर सरकारने 1997 मध्येच बंदी आणली, आणि तिचीच बहीण असलेल्या लिंडेनचा वापर 2013 मध्ये बंद झाला. जळक्या ऑइलबद्दल आम्ही एवढेच सांगू की कुत्रे अंग चाटते. अंगाला लावले ते पोटात जाणारच. इंजिनात फिरून आलेल्या तेलात धातूचा कस उतरलेला असतो, तो पातळ कातडीतून आणि जिभेवरून दोन्हीकडून आत जातो. आमच्याच गल्लीत एका कुत्र्याला असे चोपडून उन्हात बांधले होते. ते संध्याकाळ पाहू शकले नाही.

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबचेही तसेच. माणसांच्या नायट्याला जी खाज लगेच थांबवणारी मलमे लोक लावतात, त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉईड असते. खाज थांबते, पण नायटा आत पसरत जातो. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत घरेच्या घरे नायट्याने हैराण झाली, त्याला ही मलमे मोठे कारण आहेत. तीच ट्यूब कुत्र्याला लावणारे लोक आम्ही पाहिले आहेत. कृपा करून लावू नका.

सरकारी गुरांच्या दवाखान्यात हरणीला नेले. म्हशी-शेळ्यांच्या रांगेत कारवानी पाहून लोक हसले. डॉक्टर साहेबांनी मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी हरणीच्या कानाची कडा दोन बोटांत धरून हलकी चोळली. चोळल्याबरोबर तिचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागला! साहेब म्हणाले, "हे बघा. ही खरूज आहे. कान चोळला की पाय हलतो." मग ब्लेडच्या कडेने कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांनी सांगितले की या खरजेचा किडा कातडीत भुयार करून राहतो आणि खरवडूनही पुष्कळदा सापडत नाही. म्हणून काचेवर दिसला नाही तरी लक्षणे पाहून औषध सुरू करतात.

मुलीच्या पुरळाचेही कोडे तिथेच सुटले. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर येतो, चावतो, पण तिथे त्याचा वंश वाढत नाही. कुत्रे बरे झाले की माणसाचे पुरळ बसते. ते तसेच बसले. मात्र घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत फोड येत असतील, तर ती माणसांची खरूज, तिचे खापर कुत्र्यावर फोडू नये. आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

पिल्लांना दुसऱ्या जातीची लूत होते. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती, पुढच्या पायांवर केस जातात, पण खाज कमी असते. ती आईच्या दुधावर असताना तिच्या अंगावरून येते आणि माणसाला अजिबात लागत नाही. अशी किती पिल्ले लोकांनी नाहक उकिरड्यावर सोडली असतील! गोल चट्टा, कडेला कोंडा, मध्ये केस तुटलेले, असे असेल तर मात्र तो नायटा असू शकतो. तो लेकरांना लागतो. अशा वेळी बरे होईपर्यंत लेकराला आणि कुत्र्याला एका अंथरुणावर घेऊ नये, आणि हात साबणाने धुवावेत.

खरजेचे इंजेक्शन कुत्र्याच्या वजनावर मोजून देतात. मेंढरांसाठी आणलेले औषध अंदाजाने टोचणारे लोक खेड्यात भेटतात. कारवानी दिसायला उंच असते, वजनाला फार नसते, म्हणून अंदाज हमखास चुकतो. आता महिन्यातून एकदा द्यायच्या गोळ्याही निघाल्या आहेत. त्या खरूज आणि गोचीड दोन्हींवर चालतात, पण महाग पडतात.

हरणीची खरूज हटत आली तेव्हा आम्हाला वाटले, सुटलो. पण खरा धोका पुढेच होता. एके दिवशी ती दूध-भाकरीला तोंड लावीना. मुलगी तिचे पोट कुरवाळत बसली होती, तिलाच पहिल्यांदा दिसले. पोटाच्या केस नसलेल्या भागावर तांबडे-जांभळे टिपके, टाचणीच्या टोकाएवढे. आजी म्हणाली, "उन्हाळ्याचा घामोळा असंल." आम्हालाही आधी तसेच वाटले असते. पण डॉक्टर साहेबांनी खरजेच्या वेळी एक गोष्ट सांगून ठेवली होती. काचेचा पारदर्शक ग्लास टिपक्यावर दाबायचा. पुरळ असेल तर दाबल्यावर फिके पडते. टिपका तसाच दिसत राहिला तर ते कातडीखाली झिरपलेले रक्त. आम्ही ग्लास दाबला. टिपके जसेच्या तसे.

हा गोचीड ताप. गोचिडीतून जंतू रक्तात जातो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात. डेंग्यूमुळे हा शब्द आता घराघरांत माहीत झाला आहे. डॉक्टर साहेबांनी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायला सांगितले. दुसऱ्या दिवशी हमालीची हजेरी बुडवून, ओळखीच्या टेम्पोत पोत्यावर हरणीला निजवून निघालो. मुलीने शाळा बुडवली. तिला नको म्हणणार कोण?

उदगीरला मॅडमनी रक्त तपासले. रक्ताच्या आकड्यांपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, या बांध्याच्या कुत्र्यांत प्लेटलेट मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात आणि तांबड्या पेशी जास्त असतात. म्हणून इतर जातींच्या मापाने हिचा कागद वाचला तर घोटाळा होतो. हिचे आकडे मात्र या जातीच्या मानानेही फार खाली होते, आणि पोटावर टिपके होतेच. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे दिल्या. उपाशी पोटी द्यायच्या नाहीत, खाण्यातून द्यायच्या, आणि आठव्या दिवशी कुत्रे उड्या मारायला लागले तरी मध्येच सोडायच्या नाहीत. आमची हरणी पाचव्याच दिवशी उठून दाराशी बसली. गोळ्या अठ्ठावीस दिवस चालल्या. मुलीने भिंतीवर कोळशाने रेघा ओढून हिशेब ठेवला होता.

गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसते तेवढीच नसते. ती भिंतीच्या भेगेत, बाजेच्या सुंभात, फरशीच्या सांध्यात अंडी घालते. आम्ही बाज उन्हात टाकली, सुंभावर उकळते पाणी ओतले, भेगा सिमेंटने बुजवल्या. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी. काडीने चटका देऊ नये, पातळ कातडीला डाग मिळतो आणि गोचीड तिथेच राहते. उकळून गार केलेल्या लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंग पुसायला हरकत नाही, पण त्याने खरूज किंवा गोचीड ताप जाईल ही आशा ठेवू नये.

सगळेच डाग रोगाचे नसतात, हेही सांगायला हवे. कारवानी शहाबादी फरशीवर बसते तेव्हा तिच्या कोपराच्या हाडाखाली गादी नसते. तिथे काळा, जाड घट्टा पडतो, आमच्या मोंढ्यातल्या माणसांच्या खांद्यावर पडतो तसा. छातीवर बारीक काळे ठिपके धरतात, तेही बसण्याने आणि घासण्याने. त्यावर मलम नको, खाली जुनी गोधडी किंवा पोते हवे, आणि ते दर आठवड्याला धुवायला हवे. पांढऱ्या कुत्र्याचे उघडे पोट मात्र उन्हात जपावे. आपल्याकडच्या वैशाखात ते उताणे पडून ऊन खात बसते, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने तिथे लाल-काळ्या गाठी होऊ शकतात. त्यांतल्या काही कर्करोगाच्याही असतात. गाठ दिसली की दाखवावी.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला आम्ही देवासाठी जात नाही, पण जनावरांचा बाजार आणि कुत्र्यांचे प्रदर्शन पाहायला जातो. तिथे आता आमचे डोळे कुत्र्याच्या पळण्यावर नसतात. विकणारा अंगावर तेल चोळून कुत्रे चमकवतो. आम्ही कान उलटून पाहतो, कोपरावरून हात फिरवतो, पोट उलटे करून बघतो. विकणाऱ्याला राग येतो, येऊ द्या! पिल्लू घेणाऱ्याने तेलाच्या चकाकीखाली कातडी कशी आहे ते हाताने चाचपावे.

हरणी आता आठ वर्षांची आहे. तिच्या मागच्या मांड्यांवरचे केस गेले ते गेलेच, दोन्हीकडे तळहाताएवढी काळसर गुळगुळीत कातडी दिसते. खाज नाही, खपली नाही. ग्रेहाउंडच्या सगळ्या घराण्यात हे सापडते आणि त्याचे नक्की कारण अजून कोणाला पुरते सापडलेले नाही. मध्यंतरी कोणीतरी म्हणाले, थायरॉईड असेल, गोळ्या सुरू करा. उदगीरच्या मॅडमना विचारले तर म्हणाल्या, या कुत्र्यांत थायरॉईडचा आकडा निरोगी असतानाही कमीच येतो, एका आकड्यावर जन्मभराच्या गोळ्या लावू नका. आम्ही लावल्या नाहीत. नसबंदीच्या ऑपरेशनच्या वेळीही त्यांनीच बजावले होते की भुलीची काही औषधे या बिनचरबीच्या कुत्र्यांना लवकर उतरत नाहीत, म्हणून टेबलावर घेण्याआधी डॉक्टरांना जात सांगायची. थंडीत मुलगी तिला जुन्या स्वेटरची बाही कापून घालते. मांड्या उघड्याच राहतात, पण त्याला इलाज नाही, स्वेटरला तेवढ्या बाह्याच नव्हत्या.