दुतोंड्या मारुती आणि माझे केस

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही, त्यामुळे नाव बघूनच काळजात चर्र झालं.

"आत्या, एक विचारू? गोळ्या सुरू केल्यापासून केस मूठमूठ जातायत गं. थोडे दिवस बंद करून बघू का?"

तिला तीन महिन्यांपूर्वी ल्युपस निघालाय. मला २०१९ पासून आहे. मी तिला "अजिबात नाही, आधी डॉक्टरांना फोन कर" एवढंच ठणकावून सांगितलं आणि फोन ठेवला. मग मात्र झोप लागेना. कारण हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि मी तो कोणालाच विचारला नव्हता. स्वतःच उत्तर देऊन मोकळी झाले होते. ते केवढ्याला पडलं हे आमच्या घरातही सगळ्यांना पुरतं माहीत नाही. (आई, तुम्ही वाचत असाल तर आधी चहा घेऊन बसा.)

तर सुरुवातीपासून सांगते.

२०१८ ची दिवाळी झाली आणि मला ताप यायला लागला. बारीक, पण रोज. सकाळी बोटं इतकी आखडायची की कुकरचं झाकण लागत नसे. गालांवर नाकाच्या दोन्ही बाजूंना लाली. आधी वाटलं ऊन लागलं, मग वाटलं ॲलर्जी. दोन महिने या डॉक्टरांकडून त्या डॉक्टरांकडे फिरल्यावर जानेवारीत निदान झालं. ल्युपस हा लॅटिन शब्द, अर्थ लांडगा. आपलंच संरक्षण करणारी यंत्रणा आपल्यावरच उलटते असा हा आजार. दहातल्या साधारण नऊ रुग्ण बायका. पूर्ण बरा होत नाही, पण ताब्यात राहतो. त्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची गोळी रोज, बहुधा कायमची, आणि दर वर्षी डोळ्यांची तपासणी. घरी येऊन मी गोळ्यांचा डबा आणला, वारांची नावं लिहिली, शहाण्या मुलीसारखी सुरुवात केली.

आणि मार्चमध्ये केस गळायला लागले.

माझे केस म्हणजे माहेरचं भांडवल. कमरेपर्यंतची वेणी, शाळेत मास्तरीणबाईसुद्धा हात लावून बघायच्या. आता कंगवा फिरवला की गुंतवळ हातात. उशीवर केस, पोळीच्या कणकेत केस, न्हाणीच्या जाळीत तर रोज एक छोटं घरटं. लहानपणी आमच्या गल्लीत गुंतवळ घेऊन फुगे देणारा यायचा. आजी वर्षभराचं गुंतवळ कोनाड्यात जपून ठेवायची तेव्हा कुठे आम्हा भावंडांना एकेक फुगा मिळायचा. आता एका आठवड्यात अख्ख्या गल्लीला पुरतील एवढे फुगे आले असते :)

तेव्हा हसू येत नव्हतं. मी रोज अंघोळीनंतर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून केस मोजायला बसायचे. एके दिवशी दोनशे चौदा भरले. दिवसाला पन्नास ते शंभर केस कोणाचेही जातात हे वाचलेलं होतं. दोनशे चौदाचं काय करायचं ते कुठे वाचलेलं नव्हतं.

सांधे दुखतात ते दिसत नाही, थकवा दिसत नाही. कोणी विचारलं तर "बरी आहे" म्हणून निभावता येतं. केस मात्र चारचौघांत चुगली करतात. भांग रुंद झाला तशी लोकांची नजर माझ्या डोळ्यांवरून कपाळाकडे सरकायला लागली. मग सल्ले. माक्याचं तेल, जास्वंदीचं तेल, वडाच्या पारंब्यांचं तेल. लासलगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे कांद्याचा रस तर प्रत्येकाने सुचवला. आणि एक वाक्य सगळ्यांचं ठरलेलं, "ही ॲलोपॅथीची उष्णता, दुसरं काही नाही."

मला ते पटलं. पटणारच. जानेवारीत गोळी सुरू, मार्चमध्ये केस गेले. हिशेब सरळ होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मी रोजची गोळी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायला लागले. डबा वेळच्या वेळी रिकामा होत होता, त्यामुळे नवऱ्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

आता गंमत ऐका. जूनमध्ये केस गळायचे थांबले! एकदम पंचवीस-तीसवर आले. मला वाटलं, बघा, मी जिंकले. एवढे शिकलेले डॉक्टर, पण त्यांना जे कळलं नाही ते मला कळलं. सांधेही बरे होते. दोन महिने मी मनातल्या मनात मिरवत होते.

जुलैच्या शेवटी पायांवर सूज आली. बोट दाबलं की खड्डा पडायचा. लघवीला फेस. तपासणीत लघवीतून प्रथिनं जात असल्याचं निघालं. आजार मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. लगेच ॲडमिट.

तो ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा. नाशिककरांना आठवत असेल, ४ तारखेला गोदावरीला मोठा पूर आला होता, रामकुंडाभोवतालची देवळं पाण्यात होती. मी पलंगावर पडून मोबाइलवर दुतोंड्या मारुतीचे फोटो बघत होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच हा मारुती उभा आहे आणि आम्हा नाशिककरांची पूर मोजायची पट्टी तोच. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं, असं आम्ही एकमेकांना सांगतो. त्या दिवशी तो पार बुडाला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी नियमित चालू होती ना?" मी मान हलवली. हो. नवरा शेजारीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो डबा आणायला घरी गेला तेव्हा मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून बसल्या, माझे पन्नाससाठ केस चिमटीत धरून हळूच ओढून बघितले, टाळू नीट तपासली आणि जे सांगितलं ते मी आता माझ्या भाषेत सांगते.

डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो आणि मग साधारण तीन महिने नुसता विश्रांती घेतो. त्यानंतर गळतो आणि त्या जागी नवा येतो. एरवी प्रत्येकाची पाळी वेगवेगळी, म्हणून गळणं जाणवत नाही. मोठा ताप, मोठा आजार, बाळंतपण, काहीही जबर झालं की शरीर खर्च कमी करतं आणि खूपसे केस एकदम विश्रांतीला पाठवतं. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे माझे मार्चमधले केस हे डिसेंबर-जानेवारीतल्या आजारानं पाडलेले होते. गोळी बिचारी मध्येच येऊन उभी राहिली आणि आळ तिच्यावर आला.

मग जूनमध्ये गळणं का थांबलं? तर जानेवारी ते मार्च नेमाने घेतलेल्या त्याच गोळीने आजार आटोक्यात आणला होता म्हणून! आणि बंद केल्यावर मी लगेच का पडले नाही? तर हे औषध शरीरातून फार सावकाश उतरतं. मी ज्या दोन महिन्यांत मिरवत होते ते दोन महिने त्याच्याच शिलकीवर चालले होते.

मला मारुतीच आठवला. पाऊस पडतो तिकडे त्र्यंबकच्या डोंगरात. गंगापूर धरण भरतं, दरवाजे उघडतात, आणि काही तासांनी रामकुंडावर पाणी चढतं. तोवर पंचवटीत लख्ख ऊन पडलेलं असू शकतं. पाणी मारुतीच्या गळ्याशी आलेलं बघून कोणी म्हणालं की हा पूर आत्ताच्या उन्हाने आला, तर आपण हसू. मी नेमकं तेच केलं होतं. आज कंगव्यात आलेला केस ही आजची बातमी नसते. ती तीन महिन्यांपूर्वीची असते.

"नोव्हेंबरात पुन्हा गळतील," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा घाबरून काही बंद करू नका. टाळूवर व्रण नाहीत, म्हणजे केस परत येतील." हे महत्त्वाचं आहे. ल्युपसच्या एका प्रकारात टाळूवर गोल चट्टे येऊन व्रण पडतात आणि तिथले केस मग येत नाहीत. म्हणून टाळू डॉक्टरांना दाखवायलाच हवी, आरशात बघून निर्णय घ्यायचा नाही. त्यांनी थायरॉइड आणि लोहाच्याही तपासण्या करून घेतल्या, कारण केस त्यानेही जातात.

नवऱ्याला मी घरी आल्यावर सांगितलं. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहायला लागला. तेवढंच.

नोव्हेंबरात खरंच गळले, आणि या वेळी पहिल्यापेक्षा जास्त. स्टिरॉइडने चेहरा पुरणपोळीसारखा फुगलेला, गालावर बारीक लव आलेली, आणि डोकं उघडं पडत चाललेलं. देवाचा हिशेब साफ चुकला होता. कांद्याचा रस मात्र डिसेंबरात आपोआप बंद झाला. किलोचा भाव शंभरावर गेल्यावर डोक्याला कांदा कोण चोळणार?

एका संध्याकाळी मी म्हणाले, "आई, मी आता सगळे काढूनच टाकते. निदान रोजचं मरण नको."

सासूबाई एकदम उठून आत गेल्या. मला वाटलं रागावल्या, सवाष्णीने असं बोलू नये वगैरे. बऱ्याच वेळाने गेले तर देवघरापाशी बसून रडत होत्या. मग जे सांगितलं ते त्यांच्या मुलानेही कधी ऐकलं नव्हतं.

त्यांची आजी सतराव्या वर्षी विधवा झाली होती. शेवटपर्यंत लाल अलवण. न्हावी मागच्या दाराने यायचा आणि तो आला की पोरांना माडीवर पिटाळायचे. लहानपणी एकदा त्यांनी जिन्यातून वाकून बघितलं होतं. आजी डोळे मिटून, मान खाली घालून बसली होती. "ती कधी रडली नाही गं. पण न्हावी गेला की तासभर कोणाशी बोलायची नाही."

रामकुंडावर रोज कितीतरी पुरुष दहाव्याला मुंडन करतात, बसने घरी जातात, कोणी वळून बघत नाही. सासरे गेले तेव्हा नवऱ्यानेही केलं होतं, महिन्यात विसरलोही. बाईच्या उघड्या डोक्याला मात्र आपल्याकडे एवढा मोठा इतिहास. हरिभाऊ आपट्यांच्या यमूचं 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये जे होतं ते कॉलेजात वाचून मी परीक्षेपुरतं लिहिलं होतं. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं, हेही मी त्यानंतर शोधून वाचलं. ती लाट सासूबाईंच्या आजीच्या मागच्या दारापर्यंत पोचली नव्हती.

मी म्हणाले, "आई, राहू दे. नाही काढत."

त्या डोळे पुसून म्हणाल्या, "काढ. तिला कोणी विचारलं नव्हतं. तू आपल्या मनाने काढतेयस. मी येते बरोबर."

आणि आल्या. पार्लरमध्ये पर्स मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसून होत्या. गोटा नाही केला, अगदी बारीक कापले. परतताना त्यांनी माझ्यासाठी मेनरोडवरून दोन सुती स्कार्फ घेतले, एक जांभळा, एक त्यांच्या आवडीचा पोपटी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी पोपटी बांधून बसले. एकजण काही बोलणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तिला बरं नाहीये, औषध चालू आहे. तिळगूळ घ्या." विषय संपला. वर्षभर मी जे लपवत होते ते संपवायला एवढी तीन वाक्यं पुरली.

२०२० च्या मार्चमध्ये कपाळाच्या कडेला बाळासारखी बारीक लव दिसली. आणि नेमकं तेव्हाच हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन करोनावर चालतं अशी हवा उठली. (पुढे ते चालत नाही असं सिद्ध झालं.) लोकांनी साठे केले, दुकानांतून गोळी गायब. मार्चअखेर सरकारने विक्रीवर निर्बंध आणले. नवरा तोंडाला रुमाल बांधून, माझी चिठ्ठी घेऊन कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंत फिरला, नवव्या दुकानात दोन पट्ट्या मिळाल्या. वर्षापूर्वी मी हीच गोळी रोज कचऱ्यात टाकत होते. त्या दोन पट्ट्या हातात घेऊन मी काय रडले ते माझं मला माहीत.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. खांद्याला टेकायला मला अडीच-तीन वर्षं लागली. पूर्वीइतके दाट नाहीत आणि कमरेपर्यंतही नाहीत. अधूनमधून आजार डोकं वर काढतो, की दोन-तीन महिन्यांनी न्हाणीच्या जाळीत वर्दी येते. मी मोजत नाही. तारीख मागे नेते, तेव्हा काय झालं होतं ते आठवते आणि डॉक्टरांना सांगते.

सकाळी भाचीला परत फोन केला आणि हे सगळं सांगितलं, कचऱ्याच्या डब्यासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, मी परवापासून घेतली नाहीये."

"आत्ता घे. मी फोनवर थांबते," मी म्हणाले.

पाण्याचा आवाज ऐकू आला. आज दुपारी ती डॉक्टरांकडे जाऊन येणार आहे. जांभळा स्कार्फ तिच्यासाठी धुऊन ठेवलाय. पोपटी मात्र देणार नाही.

असो. नवरा पाण्याचा पेला घेऊन उभा आहे, त्यामुळे इथेच थांबते.