नदी उजव्या हाताला

९ जुलै
सेकंडहँड ट्रॅव्हलर दारात आली. सीट उतरवून आतली मापं घेतली. ड्रायव्हरच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत ११ फूट, रुंदी ५ फूट ८ इंच, उंची ६ फूट १ इंच. म्हणजे दादाला मान वाकवावी लागणार नाही. भिंतींना फोम आणि त्यावर प्लाय बसलं की रुंदीतले ३ इंच जातील, उरतील ६५. तेवढ्यात आई, दादा आणि मी. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला की नर्मदा परिक्रमेला निघायचं. आईच्या मनात पायी जायचं होतं, पण गुडघे साथ देत नाहीत.

१२ जुलै
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलं. आरसीतल्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. तेव्हा मान्यता घेऊन काम करणाऱ्या वर्कशॉपकडेच जायचं, आतली मांडणी मात्र आपण ठरवायची. दादाला हे सगळं वेळखाऊ वाटतं. मला पटतं. आत आई झोपणार, चार हातांवर गॅस असणार. जाणत्याच्या नजरेखालून गेलेलं बरं.

१६ जुलै
दादाने पहिला नकाशा काढला. मागे तीन बाजूंनी बैठक, मध्ये टेबल. रात्री टेबल खाली उतरवायचं, वर गाद्या टाकायच्या की डबल बेड तयार. फोक्सवॅगनच्या गाडीसाठी वेस्टफालियाने १९५१ मध्ये कॅम्पिंग बॉक्स काढला, त्यामागे हाच विचार होता: एकाच सामानाकडून दिवसा एक काम, रात्री दुसरं. तरण्या जोडप्याला ते शोभतं. आईला दुपारी केव्हाही पाठ टेकावी लागते. तिने आधी आम्ही टेबल उतरवेपर्यंत ताटकळत बसायचं का? आईचा पलंग दिवसरात्र पलंगच राहील, हे मी आज ठामपणे सांगून टाकलं.

१९ जुलै
बाहेर धो धो पाऊस. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने गाडीचा आतला चौकोन आखला. उजव्या भिंतीला लांबीत आईचा पलंग, २८ इंच रुंद. समोर डाव्या भिंतीला १८ इंच खोल ओटा. मध्ये चालायला १९ इंच. अगदी मागे आडवा माझा पलंग; मी ५ फूट ३ इंच, त्यामुळे ६५ इंचांत मावते. दादा आडवा मावत नाही. त्याच्यासाठी आईच्या पलंगाखालून रात्री ओढून घ्यायची फळी ठरली होती.

पलंगाच्या जागी बाक ठेवला, ओट्याच्या जागी खोकी. आईला म्हटलं, रात्री उठतेस तशी ऊठ. तिने उजवं कोपर टेकलं, पाय खाली सोडले आणि डावा हात पुढे हवेत गेला. बोटं काही तरी धरायला मिटली. घरी तिथे कपाटाची मूठ असते. दादाने तिचा हात तसाच धरून ठेवला, मी टेप लावली: जमिनीपासून ३४ इंच. ओट्याच्या कडेला तिथे स्टीलची दांडी येईल. बाक १६ इंच उंच होता, उठताना तिला जड गेलं. घडी घालून गोधड्या ठेवत १९ इंचांवर गेलो तेव्हा ती दम न लागता उठली. गादी धरून पलंगाची उंची तेवढीच. पोर्टेबल टॉयलेट १६ इंचांचं आहे, त्याखाली ३ इंचांचा चौथरा. ते पलंगाच्या पायथ्यासमोर, ओट्याला लागून, पडद्याआड.

मग दादाच्या फळीच्या जागी पुठ्ठा अंथरला आणि आईची वाटच बंद झाली. रात्री दोनला दादाला उठवल्याशिवाय ती बाहेर पडू शकत नाही, आणि ती त्याला उठवणार नाही, पडून राहील. हे आम्हां दोघांनाही माहीत आहे. दादाने पुठ्ठा गुंडाळला. म्हणाला, "परिक्रमावासीयाला आश्रमात पथारी टाकायला जागा मिळते. नाहीच मिळाली तर तंबू आहे."

२४ जुलै
आज उजवं-डावं नक्की झालं, आणि ते नर्मदेमुळे झालं. परिक्रमा ही प्रदक्षिणा, त्यामुळे नदी सतत उजव्या हाताला. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेला समुद्राकडे, मग उत्तर तटाने पूर्वेला अमरकंटकपर्यंत, उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तट. वाटेत पात्र ओलांडायचं नाही. गाडीचं दार डावीकडे, म्हणजे उजवी बाजू सलग मिळते. लांबीतल्या पलंगावर चालत्या गाडीत बसू द्यायचं नाही, म्हणून मूळच्या सीटांपैकी एक, पट्ट्यासकट, ड्रायव्हरच्या मागे परत बसवून घ्यायची. तिच्यामागे पलंगाची उशी. उजवीकडच्या काचा तशाच, डावीकडच्या ओट्यामागच्या बंद. मोटाररस्ता बऱ्याच ठिकाणी नदीपासून आत आहे, पण जिथे दिसेल तिथे ती आईच्या खिडकीत दिसली पाहिजे.

२ ऑगस्ट
वजनं. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. टाकी आईच्या पलंगाखाली, मागच्या चाकांजवळ, आत आडव्या पट्ट्या घालून, नाही तर वळणावर पाणी एका अंगाला जातं. १८ मिमी प्लायची ८ बाय ४ ची एक शीट तीसेक किलोच्या वर भरते, म्हणून कपाटांना १२ मिमी. इंडक्शन बाद: १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १२८० वॅट-अवर, आणि १२०० वॅटची शेगडी पाऊण तास चालवली की ९०० संपले. पंखे, दिवे कशावर? तेव्हा ५ किलोचा सिलिंडर. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. त्याची पेटी आतून हवाबंद, बाहेरून उघडणारी आणि तळाला जाळी.

११ ऑगस्ट
अंतिम नकाशा आईला दाखवला. चष्मा लावून तिने सगळा पाहिला आणि विचारलं, "कुपी कुठे ठेवायची?" नर्मदाजलाची कुपी परिक्रमाभर सोबत असते, तिची रोज पूजा होते. ती घाटात कलंडता कामा नये आणि आईला पलंगावर बसून हात पोचला पाहिजे. उशाशी, खिडकीखाली, छोटी फळी काढली आणि तिला कुपी बसेल असं गोल भोक. दादाचा चार्जिंग पॉइंट नेमका तिथे येत होता, तो ओट्याकडे हलवला. तारेची लांबी वाढली, त्यामुळे जाड तार लागेल. नकाशा उद्या वर्कशॉपला जाईल.