थ्री नॉट थ्री

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झाला आणि 'थ्री नॉट थ्री' हा चेष्टेचा शब्द होऊन बसला. एके-४७ समोर आमचे पोलीस आजोबांच्या काळातली बंदूक घेऊन उभे, असं जो तो म्हणायचा. ते खरंच होतं. तरी मला त्या बंदुकीची बाजू घ्यावीशी वाटते. कॉलेजात एनसीसीत ती माझ्या खांद्यावर होती, म्हणूनही असेल.

सोयगावात ध्वजवंदनाला पोलिसांच्या हातात लाकडी दस्त्याची रायफल दिसली की शाळेतली मुलं विचारायची, "सर, ही उडते कशी?" त्यांना सांगायचो तेच इथे सांगतो.

तिचं मूळ नाव ली-एनफील्ड. ली म्हणजे जेम्स पॅरिस ली, स्कॉटलंडात जन्मलेला कारागीर. एनफील्ड हे लंडनजवळचं बंदुकांच्या कारखान्याचं गाव. ही दोन नावं १८९५ साली जोडली गेली. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून थ्री नॉट थ्री. वजन चार किलोच्या आसपास (कवायत संपेपर्यंत दहा होतं, हा स्वानुभव!).

सगळी गंमत बोल्टमध्ये. दाराच्या कडीसारखा तो वर उचलायचा आणि मागे ओढायचा, की रिकामं काडतूस उडून बाहेर. पुढे ढकलला की नवं काडतूस नळीत जातं, आणि त्याच ढकलण्यात आतली स्प्रिंगही ताणली जाते. मग दांडा खाली पाडला की कडी बंद. जर्मन माउझरचा दांडा नव्वद अंश उचलावा लागे, आणि स्प्रिंग त्या उचलण्यातच ताणली जाई, म्हणून हाताला जोर पडे. लीचा दांडा साठ अंशांतच मोकळा होई. शिवाय माउझरमध्ये पाच काडतुसं, हिच्यात दहा. पहिल्या महायुद्धाआधी इंग्रज शिपायाकडून मिनिटाला पंधरा गोळ्यांची अपेक्षा असे, त्याही नेम धरून!

दस्त्याच्या मागे पितळी झाकण असतं. त्यात तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी, म्हणजे पुलथ्रू. दोरीत चिंधी अडकवून नळीतून ओढायची आणि मग उजेडाकडे धरून आत बघायचं. आमचे उस्ताद हवालदार कवायतीपेक्षा याकडेच जास्त लक्ष द्यायचे.

आपल्याकडे ती बंगालमध्ये इशापूरला बनत असे. १९६२ साली चीनच्या सीमेवर आपले जवान हीच घेऊन लढले. त्यानंतर लष्करात नव्या रायफली आल्या, पोलिसांकडे मात्र ती राहिली.

आणि मग ती सीएसटीची रात्र. रेल्वे सुरक्षा दलाच्या जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली थ्री नॉट थ्री घेऊन हल्लेखोरांवर गोळी झाडली. आपण बंदुकीला हसलो, पण मिनिटाला पंधरा गोळ्या काही कारखान्यातून येत नाहीत, त्या सरावाने येतात. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांना सरावासाठीच काडतुसं पुरत नव्हती याकडे बोट दाखवलं होतं. ज्याला सरावच दिला नाही त्याच्या हाती एके-४७ दिली असती तरी काय झालं असतं?

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला संचलनात तिला निरोप दिला. ती बातमी मी दोनदा वाचली.