मुक्काम पोस्ट पालेगाव

मित्रांनो, सुट्टी लागली की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, “यंदा कुठं जायचं?” मी मात्र आता त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारते, “राहायचं कुठं?” का, ते सांगते.

मागच्या दिवाळीत आम्ही कोकणात गेलो होतो. चार रात्री, चार गावं! रोज सकाळी पिशव्या भरायच्या, एसटी गाठायची, नव्या गावात उतरायचं, पिशव्या उपसायच्या. तिसऱ्या दिवशी माझ्या सईला ताप भरला. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण पुढच्या गावातल्या खोलीचे पैसे आधीच भरले होते. मग काय, तिचं डोकं मांडीवर घेऊन मी साडेतीन तास एसटीत बसले. माझ्या आईचे गुडघे सुजले होते. ती वाटेत काही बोलली नाही, पण घरी आल्यावर म्हणाली, “बरं झालं बाई, संपला एकदाचा प्रवास!”

सहल संपली याचाच आनंद! ते वाक्य मला फार लागलं. शाळेत मी मुलांना गणित शिकवते, पण आमच्या सहलीचं गणितच चुकलं होतं.

म्हणून यंदा ठरवलं, मुक्काम एकच. रोज तिथून निघायचं आणि रात्री तिथंच परत यायचं. भाऊबीज माझ्या भावाकडे होती. तो राहतो अंबरनाथ पूर्वेला, पालेगावात. जुनी घरं आणि उंच इमारती इथं शेजारी शेजारी उभ्या आहेत. आभाळ स्वच्छ असलं की दूरवर डोंगरांची रांग दिसते.

“पालेगाव काय सहलीचं ठिकाण आहे?” सईनं नाक मुरडलं. मी म्हटलं, “पाच बोटांची परीक्षा घेऊ या. पास झालं तर जायचं.”

ही परीक्षा तुम्हालाही घेता येईल. अंगठा म्हणजे परतीचं वाहन. जायला वाहन मिळतंच हो, परत यायला मिळतं का ते बघायचं! तर्जनी म्हणजे जेवण आणि पिण्याचं पाणी. मधलं बोट म्हणजे जवळ डॉक्टर आणि औषधाचं दुकान. अनामिका म्हणजे घरातलं जे माणूस रोज फिरू शकत नाही, त्याची सोय. आणि करंगळी म्हणजे ओळखीचं माणूस, ज्याला रस्त्याचं, पावसापाण्याचं विचारता येईल. करंगळी सगळ्यांत लहान, पण तिला विसरू नका.

पालेगाव पाचही बोटांत पास झालं. रिक्षा होती, स्टेशन फार लांब नव्हतं, मामीच्या हातचं जेवण होतं आणि आजीला बसायला गॅलरी होती.

पहिल्या दिवशी आम्ही आजीला बरोबर घेऊन अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलं. तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात शिलाहार राजांचं नाव वाचलं असेल. त्यांच्यातल्या मुम्मुणी राजाच्या काळातला शिलालेख या मंदिरात आहे. त्यावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे. म्हणजे मंदिर साडेनऊशे वर्षांहून जुनं! काळ्या दगडात कोरलेल्या मूर्तींनी बाहेरच्या भिंती नुसत्या भरून गेल्यात. गाभारा मात्र खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आजी सभामंडपातच टेकली आणि मुलं खाली जाऊन आली. मंदिराला लागूनच वालधुनी नदी वाहते. तिचं पाणी पाहून सई म्हणाली, “एवढं सुंदर देऊळ आणि नदीची ही दशा?” मला उत्तर सुचलं नाही.

दुपारच्या जेवणाला आम्ही घरी परत! आजी खूश होती. “अशी सहल असेल तर मी रोज येईन,” म्हणाली.

संध्याकाळी माझा भाचा ईशान नकाशा घेऊन बसला. तो आठवीत आहे. त्यानं कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि अंबरनाथवर टोक ठेवून वर्तुळ काढलं. मी म्हटलं, “वर्तुळ किलोमीटरचं काढू नकोस, वेळेचं काढ.” म्हणजे कसं? नेरळ लांब आहे, पण लोकल थेट जाते. डोंगरातली एखादी वाडी जवळ दिसते, पण तिथं पायीच जावं लागतं. तासाभरात पोचता येईल तो पहिला घेर, अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल तो दुसरा. पहिल्या घेराचा आकार गोल येत नाही. रुळांच्या बाजूला तो लांबच लांब ताणला जातो.

हे रूळ फार जुने. १८५३ साली मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली, १८५४ साली कल्याणपर्यंत आली आणि १८५६ साली याच वाटेनं खोपोलीपर्यंत पोचली. आज अंबरनाथनंतर बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि मग कर्जत अशी स्टेशनं लागतात. अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच येणाऱ्या लोकल पुष्कळ आहेत. पुढं कर्जत-खोपोलीकडे जाणाऱ्या त्या मानानं कमी. एक चुकली की बराच वेळ बसा! म्हणून वहीत जाण्याची नव्हे, परतीची गाडी आधी लिहायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर गंमत झाली. ईशाननं होकायंत्र आणलं होतं. तो ओरडला, “आत्या, हे बिघडलंय! पाटीवर ‘पूर्व’ लिहिलंय आणि सुई सांगते ती बाजू नैऋत्येची!” होकायंत्र बरोबर होतं. मुंबईहून उत्तरेकडे निघालं की रुळांच्या उजव्या हाताला पूर्व येते. पुढं रूळ वळतात आणि कल्याणनंतर तर आग्नेयेकडे जातात. तरी उजव्या हाताच्या बाजूचं नाव ‘पूर्व’ ते ‘पूर्व’च राहिलं! तेव्हा मित्रांनो, या बाजूला रस्ता विचारताना ‘पूर्वेला’ म्हटलं तर लोक स्टेशनची पूर्व सांगतात, सूर्याची नाही.

त्या दिवशी आम्हाला जायचं होतं कोंडेश्वरला. बदलापूर स्टेशनपासून सात-आठ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत शंकराचं देऊळ आहे. शेजारी ओढा, धबधबा आणि खोल कुंड. जागा इतकी देखणी की पाहतच राहावं. पण या कुंडात बुडून आजवर अनेक जणांचे जीव गेले आहेत. पावसाळ्यात तिथं जायला बऱ्याचदा सरकारी बंदीही असते. पावसाळा सरला होता, तरी मी निघताना बजावलं होतं, “पाहायचं, पाण्यात उतरायचं नाही.”

जायची-यायची रिक्षा ठरवून आम्ही पोचलो. ऊन छान पडलं होतं. ईशाननं हळूच पिशवी उघडली. आत टॉवेल!

“आत्या, फक्त काठाला. पाच मिनिटं.”

खरं सांगू? माझंही मन डळमळलं. पाणी नितळ दिसत होतं. एवढ्या लांब आलो, भाडं दिलं, मुलाचा चेहरा एवढासा झाला. काठाला पाच मिनिटं बसला तर काय होणार आहे?

वाटेवर एक आजीबाई काकड्या विकत बसल्या होत्या. त्यांनी डोंगराकडे बोट दाखवलं. तिथं काळं ढग दाटलं होतं. त्या म्हणाल्या, “बाय, डोंगरान पाऊस परला का पानी सांगून येत नाय. हितं ऊन असला तरी.”

मला एकदम मागच्या वर्षीची एसटी आठवली. तेव्हाही मी हेच म्हटलं होतं, ‘एवढे पैसे भरलेत, आता कसं थांबायचं?’ आणि तापलेल्या मुलीला घेऊन निघाले होते. या वेळी मात्र पुढं कुठली खोली वाट पाहत नव्हती. घर जवळ होतं. उद्याचा दिवस होता. मी म्हटलं, “चला. परत.”

ईशान रिक्षात तोंड फिरवून बसला. सईसुद्धा गप्प. वाटेत ओढ्यावरच्या पुलाशी रिक्षावाले काका थांबले आणि म्हणाले, “बघा.” सकाळी येताना खालचे दगड दिसत होते. आता पाणी गढूळ झालं होतं, काटक्या आणि पाला वाहत येत होता. आमच्या डोक्यावर पावसाचा एक थेंब पडला नव्हता.

ईशान बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. काही बोलला नाही.

मित्रांनो, हे लक्षात ठेवा. नितळ पाणी अचानक गढूळ होऊ लागलं, पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, पाण्याचा आवाज वाढला, तर वरच्या अंगाला पाऊस झाला आहे. चपला, पिशवी, काहीही गोळा करत बसू नका. ताबडतोब उंच जागी जा. आणि अनोळखी पाण्यात तर मुळी उतरूच नका, मग पोहता येत असो की नसो.

तिसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळणी, जेवण होईपर्यंत दुपार झाली. तरी लोकलनं नेरळला गेलोच. इथूनच माथेरानची छोटी गाडी निघते. ती १९०७ साली सुरू झाली. आमच्या लोकलच्या रुळांमधलं अंतर साडेपाच फूट आणि हिच्या रुळांमधलं फक्त दोन फूट! सई म्हणाली, “हे रूळ त्या रुळांच्या पोटातलं बाळ आहे.” पावसाळ्यात नेरळकडून वर जाणारी ही गाडी बंद असते, म्हणून जायचं असेल तर ती सुरू झाली आहे का, याची आधी चौकशी करावी.

“टॅक्सीनं जाऊन येऊ या का वर?” मी मुद्दामच विचारलं.

ईशाननं वही काढली. परतीच्या गाड्या पाहिल्या, घड्याळ पाहिलं. “नको आत्या. वर पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. दस्तुरीपासून पुढं गावात चालत जायचं म्हटलं तर अंधारच. माथेरानला सकाळीच निघायला हवं.”

मी काही न बोलता त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही गरमागरम वडापाव खाल्ला आणि परतीची गाडी पकडली. घरी आजी गॅलरीत वाट पाहत बसली होती. काय काय पाहिलं ते तिनं सगळं खोदून खोदून विचारलं.

रात्री ईशाननं वहीत सहलीचा हिशेब लिहिला. शिवमंदिर : पाहिलं. कोंडेश्वर : बाकी. माथेरान : बाकी.

सई म्हणाली, “म्हणजे आपली सहल अर्धीच झाली!”

मी म्हटलं, “अगं, भागाकारात बाकी उरली म्हणून गणित चुकत नाही. बाकी नीट मांडून ठेवायची, इतकंच.”

तुमच्या मामाचं, मावशीचं, काकाचं घर कुठं आहे? नकाशावर ते गाव शोधा. पाच बोटांची परीक्षा घ्या आणि वेळेचा घेर काढून बघा. जिथून हसत लवकर परत येता येतं, तो मुक्काम चांगला. आणि निघताना पिशवीत टॉवेल कोण लपवतंय, तेही बघा हं!